मोटारवाले

बाळांनो, एक फोटो डोळ्यांपुढं आणा. तळहाताएवढा, कडा कातरलेल्या, चहा सांडून वाळावा तसा पिवळट. त्यात एक मोटार उभी आहे. तुम्ही रोज रस्त्यावर बघता तसली नव्हे. चांगली उंच, कापडी टपाची, चाकांना बैलगाडीसारखे लाकडी आरे, आणि पुढं दोन गोल दिवे, कुणीतरी डोळे वटारून बघावं तसे. मोटारीत कोट-फेटा घातलेला एक माणूस बसलाय, ताठ, श्वास रोखून. आता असं धरा, की तो माणूस तुमच्या आजोबांचा आजोबा आहे आणि त्या मोटारीवरून तुमच्या घराला नाव पडलंय. धरलंत? आता असंही धरा, की एका सकाळी तुमच्यासमोर दुसराच एक फोटो आला. मोटार तीच, दिवे तेच, आरे तेच, आणि आत भलताच माणूस बसलाय. तोही ताठ, तोही श्वास रोखून. काय कराल तुम्ही? बन्सीधर गुरुजींवर तीच वेळ आली.

ते परभणीत, वसमत रोडच्या आतल्या एका कॉलनीत, व्हरांड्यात खुर्ची टाकून चहा पीत होते. वय एकाहत्तर. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलेलं, त्यामुळे हातात फोन असला तरी धरायची ढब पाटीसारखी. फोनवर त्यांचा एक ग्रुप होता, जुन्या मोटारींच्या फोटोंचा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्या तेवढ्या चालायच्या तिथं. हैदराबादचे इक्बालसाब म्हणून एक निवृत्त फोरमन तो चालवायचे आणि त्यांचा नियम कडक होता: फोटोखाली नुसतं ‘छान’ लिहायचं नाही, गाडी कोणती, साल कोणतं आणि ते कशावरून, एवढं लिहायचं. रोज सकाळी कुणीतरी आपल्या घरातला, नाहीतर जुन्या बाजारात सापडलेला एखादा फोटो टाकायचं आणि मग नांदेड, सोलापूर, हैदराबाद, कुठली कुठली माणसं त्याच्यावर वाकायची. बॉनेटवरच्या फटी उभ्या की आडव्या, पुढच्या जाळीचा आकार कसा, मडगार्डला बाक किती. एकानं ऑस्टिन म्हटलं की दुसरा म्हणे, दाराची कडी बघा, मॉरिस आहे. गुरुजींना हे फार आवडायचं. चांगला वर्ग भरल्यासारखं वाटायचं, जिथं सगळी मुलं अभ्यास करून येतात. महिन्यापूर्वी त्यांनी आपलाही फोटो टाकला होता: ‘माझे आजोबा दत्तराव मोटारवाले, ताडकळस, स्वतःच्या मोटारीत.’ आठ दिवस ग्रुप त्याच्यावर झुंजला आणि कुणालाच गाडी ओळखता आली नाही. शेवटी इक्बालसाबांनी लिहिलं होतं, ‘मास्टरसाब, दिवे छत्तीस सालके, चाक छब्बीस सालके, जाली का तो पताच नै. ये गाडी पैदा कब हुई?’ सगळे हसले. गुरुजींनीही हसरा चेहरा पाठवला. आणि दिवसभर त्यांना दाताच्या फटीत काहीतरी अडकल्यासारखं होत राहिलं.

आणि आज हा फोटो. वालूरच्या सिताराम नावाच्या माणसानं टाकलेला. कापडाचं दुकान होतं त्याचं, एवढं गुरुजींना ठाऊक. ‘माझे आजोबा. साल अंदाजे १९३८. गाडी कोणती?’ गुरुजींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पुढच्या मडगार्डच्या कडेला कोर तोडलेल्या भाकरीसारखी एक खोक होती. ते उठून आत गेले, भिंतीवरचा आपला फोटो उतरवून आणला, भिंगाखाली धरला. तीच खोक. चहावर साय धरली. गुरुजींनी लिहिलं, ‘ही गाडी ताडकळसच्या दत्तराव मोटारवाले यांची आहे. तुमच्याकडे हा फोटो कसा आला?’ उत्तर आलं, ‘गुरुजी, आमच्या देवघरातल्या फडताळात आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून.’ साधं उत्तर होतं. पण त्या क्षणी गुरुजींना त्यात उर्मटपणा दिसला, आणि त्यांनी जे लिहिलं ते लिहिताना त्यांचा अंगठा जरासुद्धा अडखळला नाही: ‘आजकाल कॉम्प्युटरवर फोटो जोडता येतात. कुणाच्याही गाडीत कुणीही बसतं.’ मग एकच शब्द आला. ‘बरं.’ त्यानंतर सितारामनं ग्रुपवर काही लिहिलं नाही.

‘कोणाच्या आज्याला चोर ठरवायलाव सकाळी सकाळी?’ कमलबाई आतून म्हणाल्या. नवरा फोनशी पुटपुटायला लागला की त्यांना ऐकू जाई.

‘आपल्या मोटारीत बसलाय तो.’

‘बसला आसंल. मोटार काय बसायसाठीच आसती. तुमचा आजा काय त्याला ढकलून देणार व्हता?’

गुरुजींना हे पटलं नाही, पण निदान धरायला काहीतरी मिळालं. बसला असेल. आजोबांनी कुणाच्या लग्नाला दिली असेल. मोठ्या मनाचा माणूस. तरी सबंध दुपार ते दोन्ही फोटो शेजारी ठेवून बसले, आणि बघता बघता त्यांना आजोबांच्याच चेहऱ्याचा संशय यायला लागला. इतके दिवस त्या चेहऱ्यावर त्यांनी मालकाचा रुबाब वाचला होता. आता तिथं काहीतरी दडवल्यासारखं दिसत होतं. डोळे कॅमेऱ्याकडं नव्हतेच. ते खाली, मोटारीच्या पुढच्या भागाकडं लागले होते. ती पडेल की काय अशी धास्ती घेतल्यासारखे. मोटार कशी पडेल? की मोटार दुसऱ्याची होती, आणि मालक यायच्या आत फोटो उरकायचा होता?

या सगळ्यात घाई होती ती नीलममुळं. नीलम त्यांची नात, वय वर्षं दहा, पाचवीत. शनिवारी तिच्या शाळेत ‘माझं घर, माझा इतिहास’ असा कार्यक्रम होता आणि खापरपणजोबांच्या मोटारीवर ती बोलणार होती. आठवडाभर घरात तिचं पाठांतर चालू होतं. गुरुजींनीच तिला ही गोष्ट दिली होती, तिच्या बापाला, रामला, दिली होती तशीच. आणि त्याआधी छत्तीस वर्षं प्रत्येक वर्गाला, पावसाळ्यात पत्र्यावर आवाज होऊन शिकवता यायचं नाही तेव्हा, ते हीच गोष्ट सांगायचे. ताडकळसात पहिली मोटार आमची. त्या दिवशी जेवताना नीलमनं विचारलं, ‘आजोबा, मोटारीचा रंग कोणता व्हता?’ आणि ते नेहमीसारखं म्हणाले, ‘मोरपंखी.’ मग घास हातातच राहिला. फोटो तर काळापांढरा. मोरपंखी हे आपल्याला कुणी सांगितलं?

कुणी सांगायची गरजच नव्हती, कारण ते स्वतः त्या मोटारीत होते. ही आठवण त्यांची सगळ्यात जुनी. चार-पाच वर्षांचे असतील. उन्हाळा. मोटारीच्या आत उबदार अंधार, एका फटीतून उन्हाची काडी आत आलेली, नाकात भरलेला उग्र, गोडसर वास, आणि बाहेरून आजोबांचा आवाज, ‘पों पों, बाजूला व्हा, बन्सीसाहेबांची गाडी आली.’ तो वास पेट्रोलचा, असं ते वर्गात सांगायचे आणि मुलं नाक वर करायची. आता खाटेवर पडल्या पडल्या ते त्या आठवणीला चहूबाजूंनी चाचपून बघू लागले. आजवर कधी तशी तिला तपासली नव्हती. आणि चाचपताना हाताला नको ते लागत गेलं. त्या मोटारीत ते बसलेले नव्हते. उभे होते. मोटारीत लहान पोरगं उभं राहतं, ठीक. पण पायाखाली माती होती. गरम, भुसभुशीत, लेंड्या मिसळलेली माती. आणि बसायला जागा कुठं होती? गादी? चाक फिरवायची दांडी? मनात ते मोटारीची मागची बाजू शोधायला गेले तर तिथं शेरडं उभी होती, रवंथ करत. ते उठून पाणी प्यायले. आठवणच बनावट निघाली तर? मग वर्गातली ती सगळी वर झालेली नाकं?

बुधवारी तिसरा फोटो आला. जिंतूरचा. नवराबायको, नवीन लग्न झालेले, बाईचा पदर नाकापर्यंत ओढलेला, आणि मोटार तीच. इक्बालसाबांनी तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावून प्रत्येक पुढच्या चाकावर लाल गोल काढला. गोलात चाकात हवा भरायची बारीक नळी होती. तिन्हीत ती एकाच जागी, घड्याळात पाच वाजता काटा असतो तिथं. खाली त्यांनी लिहिलं, ‘जिंतूर, वालूर, ताडकळस. गाडी तीन गांव फिरी, चाक नै फिरा. और गाडी के नीचे साया भी नै. मेरेकू शक है. किसपे है, वो नै बोलता मैं.’ गुरुजींनी ते चार वेळा वाचलं. हा माणूस आपली टर उडवतोय, की आपल्याला वाचवतोय? त्यांना सगळ्यांचाच संशय यायला लागला. इक्बालसाबांचा, मनातल्या मनात हसत असतील म्हणून. रामचा, कारण फोटो फोनमध्ये त्यानंच घालून दिला होता. कमलबाई स्वयंपाकघरात नेहमीपेक्षा गप्प होत्या, त्यांचाही. त्यांनी आपल्या वडलांना आठवून बघितलं. वडील मोटारीबद्दल कधीच बोलले नव्हते. गुरुजींनी हे इतकी वर्षं त्यांच्या साधेपणाचं लक्षण मानलं होतं. श्रीमंती गेलेल्या माणसाचं मौन. आता त्या मौनाला वेगळाच वास यायला लागला.

मग, ही गोष्ट आपल्याला पहिल्यांदा सांगितली कुणी? बाळांनो, हा प्रश्न साधा दिसतो. पण तुमच्या मनातली एखादी जुनी गोष्ट धरा आणि ती सांगणारं तोंड शोधायला निघा. बघा सापडतं का. गुरुजी व्हरांड्यात बसून शोधत राहिले. आई? नाही. आजोबा? ते तर ‘पों पों’च्या पुढं गेले नव्हते. शोधता शोधता ते परभणीच्या हायस्कुलात जाऊन पोचले, पाचवीच्या वर्गात, पहिल्या दिवशी. खेड्यातून आलेले, अंगात आखूड सदरा. हजेरी घेताना सर थांबले होते. ‘मोटारवाले? काय रे, घरी मोटार होती काय तुमच्या?’ वर्गातली सगळी तोंडं वळली. शहरातली, पावडर लावलेली तोंडं. त्यांच्यात कौतुक होतं, पहिल्यांदाच, आणि ते जाऊ द्यावं असं वाटेना. ‘होती सर,’ पोरगा म्हणाला. त्याच्या मागं गुरुजींना काही दिसेना. त्या दोन शब्दांच्या अलीकडं ही गोष्ट होती, पलीकडं नव्हतीच.

गुरुवारी ते एसटीनं ताडकळसला गेले. घरात सांगितलं, आत्याबाईला बरं नाही. हेही खोटंच होतं. गाडीत खिडकीशी बसून ते रस्त्यावरच्या मोटारी बघत होते, प्रत्येकीच्या खाली सावली होती, नीट चिकटलेली, गाडी पळेल तशी पळणारी. पार्वतीबाई म्हणजे त्यांच्या वडलांची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली. ओट्यावर बसून एका करडाला बाभळीच्या शेंगा चारत होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

‘कोण, बन्सी का? पेन्शन बंद झाली काय रं? गावाची आठवण आली म्हणून इचारलं.’

‘आत्याबाई, आपली मोटार कोणती होती?’

‘कोणती म्हंजे? एकच तर व्हती.’

‘कंपनी कोणती?’

‘कंपनी कशाची आलीय. बाभळीची चौकट अन् वरून पत्रा.’

गुरुजींना वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही. ‘मोटार म्हणतोय मी. दत्तराव आबांची मोटार.’

‘तेच सांगायले ना मी. घासलेटाचे डबे फोडून, ठोकून ठोकून पत्रा सपाट केला आबानं. अन् त्याच्यावर रंगवली. लय दिवस लागले. वाण्याच्या दुकानात क्यालेंडर व्हतं, त्याच्यावरून दिवे काढले. चाकं कशावरून तरी दुसऱ्यावरून. दोन पल्ले व्हते, बिजागरीचे, बैलगाडीत घालून न्यायला. सेलूचा एक फोटूवाला व्हता, त्याच्यासंगं जायचा आबा. उरूस म्हनू नको, जत्रा म्हनू नको, बाजार म्हनू नको. म्होरं मोटार उभी करायची, मागं पाट टाकायचा, पाटावर मानूस. काढ फोटू. जिंतूर, वालूर, समदी मानसं बसून गेली तिच्यात. वाऱ्यानं पडायची, म्हणून आबाचा जीव खालीवर.’ ती थांबली. ‘म्हणून तर मोटारवाला. मोटार घेऊन हिंडनारा. बांगड्या घेऊन हिंडतो तो बांगडीवाला, तसा. तुला ठावं न्हाई? आन् तू मास्तर.’

‘मला कुणी सांगितलं नाही.’

‘सांगायचं काय त्यात? समद्या गावाला ठावं. तू तर तिच्याच मागं खेळायचास. शेरडाच्या छपरात टेकून ठेवली व्हती शेवटाला. तुझी माय हाका मारून दमायची, अन् तू बाहेर यायचास ते अंगाला जवसाच्या तेलाचा वास घेऊन. दर दिवाळीला आबा हात मारायचा ना रंगाचा. मोरपिसाच्या रंगाची व्हती. मागून शेरडानं चाटून चाटून चाक खाल्लं तिचं.’ करडाच्या तोंडातून शेंग ओढून घेत ती म्हणाली, ‘च्या घेतोस का?’

परतीच्या एसटीत त्यांना रडू आलं नाही, हसूही आलं नाही. वास खरा होता. रंग खरा होता. उन्हाची काडी पत्र्याच्या जोडातून आलेली होती, आणि ‘पों पों’ म्हणणारा आवाजही खरा होता. आठवणीनं फसवलं नव्हतं. आठवण बिचारी जे होतं ते धरून बसली होती, मातीसकट आणि लेंड्यांसकट. मधे उभा राहून ‘होती सर’ म्हणणारा पोरगा तेवढा त्यांना आता ओळखू येत होता, आणि त्याच्याशी काय बोलावं हे सुचत नव्हतं. मग हळूहळू दुसरा विचार येऊन शेजारच्या सीटवर बसला. कुणाला कळणार आहे? आत्याबाई गाव सोडत नाही. इक्बालसाब भला माणूस आहे, बोलणार नाही. शनिवारी पोरगी बोलेल, टाळ्या पडतील, आणि मोटार होती ती होतीच राहील. एवढा एक शनिवार. पिंगळीच्या आसपास कंडक्टर पुढं आला तेव्हा गुरुजींना वाटलं, हा आपल्याकडंच बघतोय. तो तिकिटं बघत होता.

शुक्रवारी संध्याकाळी नीलम हातपाय धुऊन पाठांतराला बसली. भिंतीवरचा फोटो तिनं मांडीवर घेतला होता. ‘माझ्या खापरपणजोबांकडे स्वतःची मोटार होती. ताडकळस गावातील ती पहिली मोटार होती.’ ती ‘ताडकळस’वर हात उंचवायची, गुरुजींनीच शिकवलं होतं. तो हात वर गेला आणि गुरुजी म्हणाले, ‘थांब.’ मग त्यांनी सांगितलं. घासलेटाचे डबे, बाभळीची चौकट, बिजागऱ्या, पाट, शेरडं. पाचवीतला तो वर्गसुद्धा. सांगताना ते तिच्याकडं बघत नव्हते. बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलवर कावळा बसला होता, त्याच्याकडं बघत होते.

नीलमनं फोटो उजेडाकडं तिरपा धरला. बराच वेळ. ‘मग हे पाटावर बसलेत?’

‘पाटावर.’

‘अन् कोट?’

‘कोट असेल फोटोवाल्याचा. ठाऊक नाही.’

‘तुमी आमाला खोटं सांगितलं.’ ती हे रागानं म्हणाली नाही. गणित तपासल्यासारखं म्हणाली, आणि ते जास्त लागलं.

‘मला खरंच वाटत होतं गं. इतके दिवस सांगून सांगून.’

तिनं फोटो पुन्हा मांडीवर ठेवला. ‘उद्या काय बोलू मी?’

‘हेच बोल. सगळं बोल.’ आणि हे म्हणताना त्यांना हलकं वाटलं, इतकं हलकं की ते पुढं आणखी एक वाक्य बोलून गेले. ‘फक्त ग्रुपवर आपण काही नको टाकायला. तिथं मोठी माणसं आहेत, लांबलांबची. आपोआप विसरतील ती.’

‘अन् वालूरचे आजोबा?’

‘कोण?’

‘ज्यांना तुमी फोटो जोडला म्हणलाव, ते. आजी सांगायली व्हती मम्मीला.’ तिनं मान वर केली. ‘त्यांना आणखी तसंच वाटायलंय का, की तुमी त्यांना खोटारडं समजता?’

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. कमलबाई ऐकत असाव्यात. गुरुजी चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता. खाटेवर फोन पडला होता. नीलमनं तो उचलला. ग्रुप उघडला. गुरुजींचा हात अर्धा पुढं गेला आणि तिथंच थांबला. तिनं बोलायच्या खुणेवर अंगठा दाबून धरला, फोन तोंडाजवळ नेला, आणि शाळेत सांगायच्या आवाजात नाही, साध्या, घरातल्या आवाजात म्हणाली, ‘सिताराम आजोबा, मी नीलम. बन्सीधर गुरुजींची नात. तुमचा फोटो खरा हाय. मोटार पत्र्याची हाय. माझ्या खापरपणजोबांनी केली व्हती ती, अन् तुमच्या आजोबांना त्यांनीच बसवलं आसंल तिच्यात. माझे आजोबा तुमाला चुकून बोलले. त्यांना आत्ता कळलंय.’ ती क्षणभर थांबली, गुरुजींकडं बघितलं, आणखी काही म्हणायचंय का असं डोळ्यांनी विचारलं. गुरुजींनी चष्मा काढून हातात धरला. तेव्हा तिनं अंगठा उचलला, आणि निरोप गेला.